आण्णांचा माणूस

"व्यसन?" आण्णांनी विचारलं.

"नाही."

"चहा?"

"चहा घेतो."

"मग न्हाई कशाला म्हणतासा?"

आण्णा मगदुमांच्या डोक्यावर भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवली होती. या वास्तूत सप्तव्यसनांना प्रवेश नाही, असं लिहून खाली सातही व्यसनं सोनेरी अक्षरांत कोरली होती. जैन मंडळींच्या सप्तव्यसनांत पहिला मान जुगाराचा. मांस, मद्य आणि बाकीची भानगडीची मंडळी त्याच्या खाली. मी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि सातही व्यसनांबद्दल सारखीच घृणा चेहऱ्यावर आणली. समोरच्याला हवं ते भासवणं हा तोवर माझा पोटापाण्याचा धंदा झाला होता, हे आण्णांना सांगायची गरज नव्हती.

"शिक्षण?"

"एम.एस्सी. संख्याशास्त्र."

"त्यात काय करत्यात?"

"कशाची किती शक्यता आहे, ते मोजतात."

"हितं पानं मोजायची हाईत."

मी दचकलो. पण ते पंगतीतल्या पानांबद्दल बोलत होते.

"आधी कुठं होतासा?"

"कॉलेजात शिकवत होतो. तासिका तत्त्वावर."

"म्हंजे?"

"जेवढे तास घेतले, तेवढ्याचे पैसे. सुट्टीत काही नाही."

"म्हंजे रोजंदारी." आण्णांनी माझ्याकडे पहिल्यांदाच मायेनं बघितलं. "बरं. लग्न?"

"नाही अजून."

"मागचा मॅनेजर ऐन वैशाखात लग्न कराया निघाला. आमची तारीखवार लग्नं लागलेली, आन् ह्यो नवरदेव. तुमास्नी करायचं असलं तर चातुर्मासात करा."

"चातुर्मासात मुहूर्त नसतात, आण्णा."

"म्हणूनच म्हणतोय."

मग त्यांनी कामाचं स्वरूप सांगितलं. मुहूर्त असेल त्या दिवशी पहाटेपासून शेवटचा पाहुणा हलेपर्यंत. मुहूर्त नसेल त्या दिवशी बसायचं. काय करत बसायचं, असं मी विचारलं. नुसतं बसायचं, आण्णा म्हणाले. कुणी तारीख विचारायला आलं तर कार्यालय उघडं दिसलं पाहिजे. पितृपक्षात? बसायचं. चातुर्मासात? बसायचं. सगळे महिने? पगार चालू ऱ्हाईल, पर हितंच बसायचं.

एवढा आनंद लपवणं मला त्याआधी एकदाच जमलं होतं, हातात चार एक्के असताना.

मला तसलीच नोकरी हवी होती. कॉलेज सोडल्यापासून मी इंटरनेटवर पोकर खेळत होतो आणि कॉलेजात कधी मिळाले नव्हते इतके पैसे मिळवत होतो. फक्त ते कधी येतील, याचा नेम नसे. आई शेजारच्या बायकांना "त्याचं घरूनच असतं" असं सांगे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत कुकरकडे जाई. म्हणून दिवसा करायची एक नोकरी हवी होती, जी लोकांना सांगता येईल आणि जिचा मला त्रास होणार नाही. विम्याचं काम करून पाहिलं. त्यात आधी नातेवाइकांना गाठावं लागतं आणि माझे नातेवाईक मला टाळण्यात माझ्याहून तरबेज निघाले. स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या अभ्यासिकेत बसून पाहिलं. तिथली पोरं दर पाच मिनिटांनी येऊन "सर, हे गणित" म्हणत. माझ्या हातात तेव्हा राजाराणी असे. शेवटी जयसिंगपुरात आण्णांचं मंगल कार्यालय सापडलं. पंचांगानं ठरवलेल्या सुट्ट्या, वर पगार. मी मुलाखतीहून थेट बाजारात गेलो आणि एक पंचांग विकत घेतलं. त्यात जिथं जिथं मुहूर्त नव्हता, तिथं मी टूर्नामेंटा लिहिल्या.

दुसरं कारण हेमांगी होती.

हेमांगी सांगावकर मिरजेत फिजिओथेरपिस्ट होती. मी तिच्याकडे मान घेऊन गेलो होतो.

"बसून काय काम करता?" तिनं पहिल्या दिवशी मानेत अंगठा खुपसून विचारलं होतं.

"कॉम्प्युटरवर असतो."

"कॉम्प्युटरवर सगळेच असतात. काय करता?"

"डेटा ॲनालिसिस."

अंगठा आणखी आत गेला.

"पोकर," मी म्हणालो. "पत्ते. पैसे लावून."

"हां," ती म्हणाली. "आता खांदा सैल सोडला तुम्ही. खोटं बोलताना लोक खांदे वर घेतात. माझी निम्मी ट्रीटमेंट त्यातच जाते."

पुढे मान बरी झाली तरी मी जात राहिलो. तिला पत्त्यांचं काही वाटत नव्हतं. मी हरतो कधी, जिंकतो कधी, हे ती हवामान विचारल्यासारखं विचारायची. वर्षभरानं तिनं घरी सांगायचं ठरवलं, तेव्हा मी म्हणालो, "बाबांना मंगल कार्यालयाचं सांगू. मॅनेजर. ऐकायला बरं वाटतं."

"दोन्ही सांगायचं."

"पत्ते?"

"उदय, बाबांना सगळं चालतं. खोटं चालत नाही. त्यांची सरकारी फिरतीची नोकरी होती, जन्मभर लोक त्यांच्याशी खोटंच बोलले. कंटाळलेत ते."

"जुगारी जावई चालेल?"

"तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस तर चालेल. लपवलंस तर देशमुखांचा डॉक्टरही चालणार नाही." देशमुखांच्या डॉक्टरचं स्थळ तिला आलेलं होतं, हे ती अधूनमधून असं सहज ठेवून द्यायची. "रविवारी घरी ये. जे आहे ते सांग. एवढं एकच कर."

एवढं एकच होतं. मी रविवारी जाऊन खरं बोलायचं होतं. मी त्याची तयारीसुद्धा केली. खरं बोलायची सवय सुटली की वाक्यं आधी जुळवून ठेवावी लागतात.

त्याच आठवड्यात आण्णांचा फोन आला. भाद्रपद चालू होता, कार्यालयात पालीशिवाय कुणी नव्हतं.

"कोण येतंय का?"

"नाही, आण्णा. पण मी आहे."

"असायलाच पायजे. आन् कोण आलं तर नीट बोला. माणूस कुठनं येईल सांगता येत न्हाई."

हे वाक्य मी ओळखलं. मागच्या मॅनेजरची हकीकत मला आचाऱ्यानं सांगितली होती. आण्णांनी आपल्या साडूला गिऱ्हाईक करून पाठवलं होतं. साडूनं तासभर गोडगोड प्रश्न विचारले आणि मॅनेजरनं भोळेपणानं सगळं सांगितलं: लग्न ठरतंय, वैशाखात रजा लागेल, आणि तसं इथं फार काम नसतं. संध्याकाळी त्याचा हिशेब झाला. त्यामुळे या आठवड्यात आण्णांचा माणूस येणार, हे मी धरून चाललो. समोरचा काय करणार, हे आधी ओळखणं हीच तर माझी विद्या होती.

तो मंगळवारी आला.

दुपारची वेळ होती. मी स्टेजवर नवरदेवाच्या सोफ्यात बसलो होतो. परदेशातल्या नातेवाइकांना लग्न दाखवण्यासाठी आण्णांनी वायफायचा डबा स्टेजच्या कमानीवर लावला होता, आणि लाल मखमलीच्या त्या सिंहासनावर रेंज सर्वांत उत्तम असे. मांडीवर लॅपटॉप होता. वर्षातली मोठी टूर्नामेंट चालू होती आणि मी चांगला टिकून होतो. तेवढ्यात दारात छत्री झटकल्याचा आवाज आला.

मी लॅपटॉप मिटला आणि सोफ्याच्या गादीवरची धूळ झटकू लागलो.

"कार्यालय बघायचं होतं," तो म्हणाला. साठीचा माणूस. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत मजबूत चपला. आवाज मऊ होता.

"या की. बसा. लग्न कुणाचं?"

"मुलीचं."

"तारीख?"

"अजून ठरायचंय."

"मुलगा कुठला?"

"तेच बघतोय."

इथं मला खात्री पटली. मुलगा ठरला नाही, तारीख ठरली नाही आणि गृहस्थ कार्यालय बघायला आले. शिवाय त्यानं ताटाचा भाव विचारला नाही. मुलीचा बाप कार्यालयाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी ताटाचा भाव विचारतो. वधूवरांची नावं मागाहून येतात. हा माणूस हूल देत होता आणि मी हूल ओळखली होती. मला बरं वाटलं. मी त्याला ऑफिसात नेलं, पाटीखाली बसवलं आणि चहा सांगितला.

"तुम्हीच मॅनेजर?"

"हो. उदय हेरवाडकर."

"शिकलेले दिसता."

"शिक्षणाचा काय उपयोग? काम महत्त्वाचं."

त्यानं टेबलावरचा पितळी पेपरवेट उचलला आणि तळहातावर जरा खालीवर केला. "आता तर मुहूर्त नाहीत. मग दिवसभर काय करता?"

"दिवस पुरत नाही, साहेब. पडदे धुवायचे असतात. भांडी बघायची. खुर्च्या मोजायच्या. सकाळी सातला येतो, अंधार पडल्यावर जातो."

"मुहूर्त नसताना?"

"मालकांचा पगार खातो. मोकळं बसायला मन घेत नाही."

त्यानं मान हलवली. त्याला बहुधा हे थोडं जास्त वाटलं. मलाही वाटलं. पण हूल द्यायला घेतली की मधेच थांबून चालत नाही. थांबलात की समोरच्याला कळतं.

"तरी मोकळा वेळ असेलच. काहीतरी छंद असेल," तो म्हणाला. "आता आम्ही म्हणजे, दिवाळीत सासुरवाडीला गेलो की रमी. पैसे लावून हो! बायको ओरडते. पण मजा येते. तुम्ही खेळता का पत्ते?"

मी त्याच्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. "पहिलंच लिहिलंय बघा."

"ते लिहिलंय. तुम्ही खेळता का?"

"पत्त्यांना मी हात लावत नाही." हे अक्षरशः खरं होतं. माझे पत्ते पडद्यावर असत. "आणि तुम्हीही सोडा, साहेब. वयानं मोठे आहात म्हणून बोलतो. या नादानं घरं बसलेली बघितलीत मी."

"अस्सं," तो म्हणाला. चहा आला. त्यानं तो बशीत ओतून फुंकर घातली. घाई म्हणून कशाची नव्हती त्याला. मिटलेल्या लॅपटॉपमध्ये माझे डाव माझ्याशिवाय चालू होते, आणि त्याला ते जाणवूही न देणं हा त्या दिवशीच्या कामाचा भाग होता.

"लग्न झालंय तुमचं?"

हा प्रश्न येणार, हे मला आचाऱ्याच्या हकीकतीपासून ठाऊक होतं.

"नाही. विचारही नाही."

"का बरं? वय झालंय की."

"रोज लग्नं बघतो ना. हौस फिटली."

तो हसला नाही. पेपरवेट पुन्हा हातात घेतला. "म्हणजे एखादी मुलगी मनात असेल. असते एकेकाच्या. घरी सांगायचं राहिलेलं असतं."

"छे."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही, साहेब. हे कार्यालय आणि मी."

त्यानं पेपरवेट खाली ठेवला, अगदी हलक्या हातानं, आवाज न करता. "चांगलं आहे," तो म्हणाला. "तुमच्या मालकांना चांगला माणूस मिळाला." मग उठला, चहाबद्दल धन्यवाद दिले, छत्री घेतली आणि गेला. स्टेजकडे, जेवणाच्या हॉलकडे, वधूपक्षाच्या खोल्यांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी दारापर्यंत सोडायला गेलो. दारात त्यानं वळून एकदा माझ्याकडे बघितलं. आपला डाव गेला हे कळलेल्या माणसाचा चेहरा मी आरशात पुष्कळ वेळा पाहिलेला आहे. हा तसा दिसत होता. मी मनातल्या मनात आण्णांना नमस्कार केला.

स्टेजवर जाऊन लॅपटॉप उघडला तर आणखी गंमत. मी नसताना माझे सगळे पत्ते आपोआप टाकले गेले होते, आणि तेवढ्या वेळात बाकीच्या शूरांनी एकमेकांना बाहेर काढलं होतं. मी काही न करता बक्षिसांत आलो होतो. नवरदेवाच्या सोफ्यात बसून मी पुढचे डाव खेळलो आणि दिवस मावळायच्या आत आयुष्यातली सर्वांत मोठी टूर्नामेंट जिंकलो. हेमांगीला फोन केला. तिनं उचलला नाही. पेशंट असेल, असं मी धरलं.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात आली. त्याआधी कधी आली नव्हती. रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मधून चालत ती स्टेजपाशी येऊन उभी राहिली आणि कमानीवरच्या प्लॅस्टिकच्या फुलांकडे बघत राहिली.

"जिंकलो काल," मी म्हणालो. "पहिला आलो."

"कळलं."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. ते म्हणाले, पोरानं डाव जिंकला."

मला अजून काही उमगलेलं नव्हतं. "बाबांना काय माहीत?"

"बाबा काल इथं आले होते, उदय."

ज्याची हूल मी ओळखली होती, तो आण्णांचा माणूस एकाएकी नाहीसा झाला. मी नवरदेवाच्या सोफ्याच्या हाताला धरून उभा होतो.

"ते वजनमापे खात्यात होते," ती म्हणाली. "इन्स्पेक्टर. नोकरीभर गिऱ्हाईक होऊन दुकानात जायचे. किलोभर साखर घ्यायची, दोन गोष्टी बोलायच्या आणि मग वजन तपासायचं. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. रविवारी सगळे सजून बसलेले असतात, म्हणाले. मी आधीच भेटून येतो."

"तू मला सांगायचंस."

"त्यांनी सांगू नको म्हटलं. आणि मला काय भीती होती? मी त्यांना तुझं सगळं सांगून ठेवलं होतं. पत्ते, टूर्नामेंट, नोकरी कशासाठी धरलीस ते. ते हसले होते. माझ्यासारखाच आहे, म्हणाले, दिवाळीची वाट बघत नाही एवढंच. रमीचं त्यांनी मुद्दाम काढलं होतं. तुला सोपं जावं म्हणून."

"मला वाटलं, तो आण्णांचा माणूस आहे."

"काय?"

मी तिला साडूची गोष्ट सांगितली. फोनवरचं वाक्य सांगितलं. ताटाच्या भावाचं सांगितलं. सगळं सुसंगत होतं. कॉलेजात मी हे फळ्यावर मांडलं असतं तर पोरांनी वहीत उतरवून घेतलं असतं. हाताशी असलेल्या माहितीवर चाल बरोबर होती, असं मी म्हणालो. माहिती अपुरी होती, एवढंच.

हेमांगीनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, तिला पटतंय.

"म्हणजे आण्णांच्या माणसाला तू सांगितलंस, की मी कुणी नाही."

"नोकरी गेली असती."

"ही?" तिनं हॉलभर नजर फिरवली. रचलेल्या खुर्च्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, कोपऱ्यात बसवलेली थर्माकोलची कारंजी. "ही तू मला घरी सांगता यावं म्हणून धरली होतीस ना?"

"मी आज येतो. बाबांना सगळं सांगतो."

"बाबा नाही म्हणालेले नाहीत. ते म्हणाले, तुझं तू ठरव." तिनं माझ्या मानेकडे बघितलं. सवयीनं बघितलं असणार. "खांदे खाली घे," ती म्हणाली, आणि गेली.

संध्याकाळी मी आण्णांना फोन करून विचारलं, तुम्ही कुणाला पाठवलं होतं का.

"मी? न्हाई बा. का? कोण आलं हुतं?"

"नाही. कुणी नाही."

हेमांगीचं लग्न देशमुखांच्या डॉक्टरशी झालं. ते मिरजेत झालं, आमच्याकडे नाही. तेवढी माणुसकी सांगावकरांनी दाखवली. मी काही वर्षं आणखी खेळलो. चांगला खेळलो, वाईट खेळलो, आणि मग सरकारनं पैसे लावून खेळायचे ते खेळच बंद केले. तोवर कॉलेजातली ओळख संपली होती, विम्याचं वय गेलं होतं आणि पत्त्यांतल्या अनुभवाचा दाखला कुणी देत नाही. नोकरी तेवढी उरली. आण्णा थकले तसे किल्ल्या माझ्याकडे आल्या. आता मी सकाळी सातला येतो. मुहूर्त नसला तरी येतो. घरी बसून करायचं काय? आई गेल्यानंतर तिथं कुकरही लागत नाही.

गेल्या भाद्रपदात दुपारी दारात छत्री झटकल्याचा आवाज आला.

ते बरेच वाकले होते. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. पाटीखालच्या खुर्चीत बसले. मी चहा सांगितला. त्यांनी पेपरवेट उचलला. तोच होता, पितळ काळं पडलेलं.

"नातीचा वाढदिवस आहे. पाचवा," ते म्हणाले. "हेमांगीच्या मुलीचा. लहान हॉल मिळेल का?"

"मिळेल. आता मुहूर्त नाहीत."

"मग दिवसभर काय करता?"

"पडदे धुतो," मी म्हणालो. "भांडी बघतो. खुर्च्या मोजतो."

"पत्ते?"

"नाही."

"लग्न?"

"नाही केलं."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

त्यांनी पेपरवेट तळहातावर धरून ठेवला. काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग तो टेबलावर ठेवला आणि चहा बशीत ओतला.

"ताटाचा भाव काय?" त्यांनी विचारलं.